कुळवाचा कोन, कडक भाकरी आणि उंदराचे दात

तीन वर्षांपूर्वी मी स्वतःचं डोकं लावून ट्रॅक्टरचा एक कुळव (पेरणीआधी रानातली माती फोडायचं औत) बनवला आणि तो जमिनीत घुसायलाच तयार नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये उभा होता तेव्हा एकदम रुबाबदार दिसत होता, लाल रंग, जाड चॅनल, वेल्डिंग माझ्याच हातचं, फोटो काढून स्टेटसला पण टाकलेला. येळ्ळूरच्या बाजूला मामांच्या रानात नेला, भात काढून पंधरा दिवस झालेले, मसूर टाकायची घाई, आणि खाली सोडून बघतोय तर कुळव नुसता वरनं घासत चाललाय, माती फुटायच्या ऐवजी मागे पांढऱ्या रेघा. आधी वाळूची दोन पोती ठेवली वर. मग भावाची दोन पोरं बसवली (लहानपणी आम्ही बैलांच्या कुळवावर वजन म्हणून हौसेनं बसायचो, पण ट्रॅक्टरच्या मागे असलं काही करू नका, ती माझी दुसरी चूक). तरी तेच. मामा बांधावर बसून तंबाखू मळत सगळं बघत होते, शेवटी उठले, फासेवरनं, म्हणजे कुळवाच्या आडव्या लोखंडी पात्यावरनं, हात फिरवला आणि बोलले, "उभी केलीस की रे ही. उभ्याउभ्या कोण जेवतंय गा? वाकू दे तिला जरा."

झालं. अख्खं मृदायांत्रिकी, म्हणजे मातीच्या ताकदीचं शास्त्र, त्या एका वाक्यात.

फासेचं पातं जमिनीशी किती अंशांचा कोन करतंय यावर कुळवाचं अर्ध्याहून जास्त नशीब ठरतं. पातं पुढं झुकलेलं असेल, म्हणजे वीस-तीस अंश, तर ते मातीखाली शिरतं आणि वरची माती त्याच्यावर चढते, चढलेल्या मातीचं वजन पात्याला खाली दाबतं, म्हणजे औत स्वतःच स्वतःला आत ओढून घेतं, वर पोतं ठेवायची गरजच नाही. कोन वाढवत नेला की ओढ, म्हणजे औत ओढायला लागणारी ताकद, आधी हळूहळू वाढते, पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे मात्र एकदम चढायला लागते, आणि पासष्टच्या आसपास गेलात की माती पात्याला खाली ओढायच्या ऐवजी वर ढकलायला लागते. माझी फास सत्तरला होती. का, तर चॅनलला काटकोनात वेल्डिंग करायला सोपं पडतं म्हणून! पण म्हणून एकदम सपाट झोपवूनही चालत नाही, कारण मग पात्याचं पोट मागच्या मातीवर घासतं, त्यामुळे धारेच्या मागे खालून थोडी फट सुटली पाहिजे, पाच-सात अंशांची.

हे का होतं ते कळायला कडक झालेली भाकरी घ्या. परवाची ज्वारीची, खुटखुटीत वाळलेली. ताटात ठेवून अंगठ्यानं कितीबी दाबा, मोडत नाही. तीच हातात धरून दोन्ही कडा वाकवल्या की कटकन दोन तुकडे. मातीचं सेम आहे. दाबायला गेलं की ती जाम घट्ट, ताणायला गेलं की कमजोर. झुकलेलं पातं मातीचा थर खालनं उचलून वाकवतं आणि त्याला तडे पाडतं, उभं पातं मातीला पुढं दाबत राहतं. म्हणजे माझा कुळव दिवसभर भाकरीवर अंगठा दाबत होता आणि वरनं डिझेल पीत होता.

आता जरा लांबचं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मातीची ताकद कशात असते हे पहिल्यांदा नीट गणितात मांडलं ते शेतीवाल्यानं नाही, फ्रेंच लष्करातल्या एका इंजिनिअरनं, शार्ल कूलाँ. हो, तोच, बारावीच्या फिजिक्समधला विद्युतभारवाला. वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायच्या ड्युटीवर होता, तिथं मातीच्या भरावापुढं भिंत किती जाड पाहिजे हा रोजचा प्रश्न, आणि १७७३ मध्ये त्यानं पॅरिसच्या अकादमीपुढं निबंध वाचला. मातीची पकड दोन गोष्टींची बेरीज, एक म्हणजे कणांचा आपापसातला चिकटपणा आणि दुसरं घर्षण, जे वरनं दाब वाढला की वाढतं. त्याचा प्रश्न होता माती भिंतीला किती ढकलते. कुळवाचा प्रश्न त्याच्या बरोबर उलटा, भिंत म्हणजे फास मातीला ढकलतेय. गणित तेच, बाण फिरवायचा फक्त.

आणि हा चिकटपणा-घर्षणाचा हिशोब आमच्याकडे दर दहा मैलांवर बदलतो. खानापूरकडची तांबडी, मुरमाड, खड्यांची माती, तिच्यात घर्षण जास्त. अथणी, रायबागकडची काळी, चिकणमातीनं भरलेली, ओली असली की फुगते आणि उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा. मधे आमचा बेळगाव तालुका, तिथं भातासाठी चिखलणी केल्यामुळं मातीची सगळी रचना मोडलेली, भात काढलं की ती विटेसारखी वाळते. एकच कुळव या तिन्ही ठिकाणी चालेल असं कोण म्हणत असेल तर त्यानं औत धरलेलंच नाही. कानडी शेजारी ज्याला कुंटी म्हणतात ती आमच्या कुळवाची सख्खी बहीणच, पण अथणीकडची तिची फास आणि खानापूरकडची फास शेजारी ठेवून बघा, लांबीपासून जाडीपर्यंत फरक दिसेल, आणि हे डिझाइन कुठल्या सॉफ्टवेअरनं केलेलं नाही.

वाफसा हा शब्द घ्या, म्हणजे माती औत घालायला बरोबर ओलीवर आलेली. दुसऱ्या भाषेत सांगायला गेलं तर एक अख्खं वाक्य लागतं, आपल्याकडे तीन अक्षरांत काम होतं. मूठभर माती घेऊन लाडू वळायचा, कमरेच्या उंचीवरनं सोडायचा, खाली पडून भसकन फुटला तर वाफसा आला, नुसता चपटा झाला तर अजून ओली आहे, आणि लाडू वळलाच नाही तर उशीर झाला. १९११ मध्ये स्वीडनच्या आल्बर्ट आटरबर्ग नावाच्या केमिस्टनं हीच गोष्ट लॅबमध्ये नेली. मातीची शेवयीसारखी वळी करायची, साधारण तीन मिलीमीटर जाडीला येऊन ती तुटायला लागली की तेवढ्या ओलीला त्या मातीची प्लास्टिक मर्यादा म्हणायचं. कुळवाला सगळ्यात चांगली ओल या मर्यादेच्या जरा खालची. तिच्या वर गेलात की माती फुटत नाही, लोण्यासारखी लिंपली जाते. मी एकदा मामांच्या समोर ही वळी वळून दाखवली तर म्हणाले, "शेवया करायला शिकलास व्हय?"

आता जुन्या बैलांच्या कुळवाकडे येऊ. बैलजोडी तिच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के ओढ दिवसभर देऊ शकते. चारशे-चारशे किलोचे दोन बैल म्हणजे ऐंशी किलोची ओढ, ताशी दोन किलोमीटरच्या चालीनं हिशोब केला तर अर्ध्या हॉर्सपॉवरच्या जरा वर, बस्स. एवढ्यात ज्यांना काम भागवायचं होतं त्या सुतार-लोहारांना कोन चुकवून चालतच नव्हतं. चुकला की बैल थांबायचा, तोंडाला फेस यायचा, मालक शिव्या घालत सुताराच्या दारात. शिवाय बैलाच्या कुळवाला कोन बदलायची सोय फुकटात होती, जू दांडीवर जवळ घेतलं की दांडी चढती होते, फासेचं तोंड उचलतं आणि कुळव वरवर चालतो, जू लांब सरकवलं की खोल जातो. मामा हे एका तासात दोनदा करायचे, रानाच्या कोपऱ्यात ओल जास्त म्हणून. मी बनवलेल्या कुळवाला सगळं पक्कं वेल्डिंग. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर काही तक्रार करत नाही हो, माझ्यासारख्याची चूक पोटात घालतो आणि बिल पंपावर येतं.

मग ओढ मोजायची कशी? यासाठी एक जुनी साधी पद्धत आहे, आम्ही पण करून बघितली. दोन ट्रॅक्टर घ्यायचे, मागच्याला कुळव जोडून त्याला न्यूट्रलमध्ये ठेवायचं, पुढच्यानं त्याला ओढायचं आणि मधे काटा अडकवायचा. एकदा कुळव जमिनीत सोडून, एकदा उचलून, दोन आकड्यांतला फरक म्हणजे कुळवाची ओढ. आम्ही भंगारवाल्याकडचा क्रेनला लावायचा डिजिटल काटा आणला होता, त्याचे आकडे एवढे नाचायला लागले की शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढून घरी थांबवून थांबवून लिहून काढले. पण सत्तर अंश आणि तीस अंश यातला फरक कळायला व्हिडिओची पण गरज नव्हती, पुढच्या ट्रॅक्टरच्या आवाजातच कळत होता.

फासेच्या ऐवजी दात असतील तर आणखी एक भानगड. प्रत्येक दात आपल्या दोन्ही बाजूंना मातीचा एक त्रिकोणी पट्टा फोडतो, वर रुंद आणि खाली निमुळता. दोन दात फार जवळ आले की मधली सगळी माती एकच ठोकळा होऊन उचलली जाते, ढेकळं मोठी आणि ओढ फुकटची, फार लांब ठेवले की मधे न फुटलेला वरंबा. साध्या दाताला खोलीच्या साधारण दीडपट अंतर बरं पडतं. पण एका ओळीत दात लावले की भाताचं धसकट अडकून गोळा होतं, म्हणून ते दोन-तीन ओळींत नागमोडी लावायचे, प्रत्येकाचा माग वेगळा पण धसकटाला निसटायला वाट मोकळी. तव्याच्या (गोल लोखंडी थाळ्यांच्या) कुळवाचं गणित परत वेगळंच, तवा कोनानं नाही तर वजनानं घुसतो, म्हणून तो एवढा जड असतो, त्यावर परत कधीतरी लिहीन.

बेळगावातनं औतांचा विषय काढला आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतलं नाही तर लोक ओरडतील. १८६९ चा जन्म, गुर्लहोसूरचा, आपल्याच जिल्ह्यातला. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायची मशीन, मग लोखंडी नांगर, आणि नांगर कोणी घेईना, कारण लोखंडानं जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत. १९१० मध्ये इथली जागा सोडावी लागली आणि औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण आज त्या समजुतीला हसतो, पण मामा रोटरबद्दल (ट्रॅक्टरमागे गरागरा फिरणाऱ्या पात्यांचं औत) असंच काहीतरी बोलतात आणि त्यांना हसायची माझी हिंमत नाही. रोटर काढला ऑस्ट्रेलियाच्या क्लिफर्ड हॉवर्डनं, १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर प्रयोग करत, पाती एल आकाराची केल्यावर माती बाजूला उधळायची थांबली. मशीन भारीच आहे. पण दरवर्षी त्याच खोलीला, तेही माती ओली असताना रोटर मारला की पाती खालच्या थराला लिंपत जातात, वर रव्यासारखी भुसभुशीत आणि वितीभराच्या आत फरशी. पाऊस पडला की वरचा रवा चिखल होतो, वाळला की पापुद्रा धरतो, खालच्या फरशीतनं पाणी उतरत नाही आणि मुळं आडवी पळतात. बियाण्याला पीठ नको असतं, बियाभोवती हरभऱ्याच्या डाळीएवढे कण आणि वर जरा मोठी ढेकळं असली की झालं.

आता झीज. खानापूरच्या मुरमाड रानात साधी फास एका हंगामात बोटभर झिजते. कारण मातीतल्या वाळूत क्वार्ट्झ असतो आणि तो साध्या लोखंडाहून किती तरी कठीण, त्यामुळे फास म्हणजे खरं तर सँडपेपरवर ओढलेली पट्टी. आमच्याकडचे लोहार ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरतात ते उगाच नाही, त्यात कार्बन पुरेसा असतो, लाल करून विझवलं की कडक होतं. पण पूर्ण कडक केली की दगड लागला तर तुकडा उडतो, मऊ ठेवली की झिजते. आणि नुसती झिजून लहान झाली असती तर चाललं असतं, खरा त्रास असा की धार बोथट होऊन खालनं गोल होते, ती मघाशी सांगितलेली फट जाते, आणि कोन बरोबर असूनही कुळव परत वरनं घासायला लागतो.

यावर उपाय उंदराच्या तोंडात आहे. उंदराच्या पुढच्या दाताला फक्त पुढच्या बाजूनं कडक इनॅमल असतं, मागे मऊ डेंटिन. कुरतडताना मागचं आधी झिजतं, पुढची कडा आपोआप बाहेर राहते, दात कायम धारदार. १८०३ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट रॅन्समनं नांगराच्या ओतीव फाळाचं हेच केलं, साच्याचा खालचा भाग लोखंडी ठेवला म्हणजे त्या बाजूचं लोखंड झटकन गार होऊन कडक होतं, वरचं सावकाश गार होऊन मऊ राहतं. आम्ही फासेच्या खालच्या अंगाला धारेजवळ बोटभर रुंद हार्डफेसिंगचा, म्हणजे वेल्डिंगनं कडक धातूचा, थर चढवला, क्रोमियम कार्बाइडवाला रॉड, महाग आहे पण किलोभर लागत नाही. वरच्या अंगाला लावला नाही, शेडमधला पोरगा म्हणत होता दोन्हीकडनं लावूया की डबल टिकेल. दोन्हीकडनं लावलं की उंदीर राहत नाही, म्हैस होते.

एवढं सगळं जमलं तरी काळ्या मातीनं अजून हरवलेलंच आहे. ओली चिकणमाती पात्याला धरते कारण मधे पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तसा, आणि एकदा थर बसला की मग पातं नाही, मातीच मातीला घासत चालते. चीनच्या जिलिन विद्यापीठात लोकांनी शेणकिड्याचा अभ्यास केला, दिवसभर शेणात असून त्याच्या अंगाला काही चिकटत नाही, तर त्याच्या डोक्यावर बारीक बारीक उंचवटे सापडले, त्यामुळं पाण्याचा तो पापुद्रा सलग राहत नाही. तसे उंचवटे औताच्या पात्यावर पण करून बघितलेत त्यांनी. आमच्या शेडमध्ये तेवढं जमणार नाही, म्हणून मी जाड प्लास्टिकची पट्टी फासेच्या वरच्या अंगाला बोल्टनं बसवली, प्लास्टिक पाणी धरत नाही या हिशोबानं. अथणीजवळ पाव्हण्यांच्या रानात माती पट्टीवरनं झकास निसटत होती, फक्त चार बोल्टांच्या डोक्यांना धरून तिनं चार लाडू वळले आणि तिथनं सगळं परत भरत गेलं. आता बोल्टांची डोकी आत बुडतील अशी भोकं पाडून ठेवलीत, पुढच्या वाफशाची वाट बघायलोय.