मेंढीतले भ्रूण प्रत्यारोपण: सुरीपेक्षा माजाने छळले

वॉल्टर हीप यांनी १८९० मध्ये सशात भ्रूण प्रत्यारोपण, म्हणजे एका मादीचे भ्रूण काढून दुसरीच्या पोटात वाढायला ठेवणे, करून दाखवले. मेंढीत ते १९३४ मध्ये जमले. मग पुढची तीस वर्षे गाडी रखडली कुठे? शस्त्रक्रियेत नव्हे, माजात.

मेंढीचे माजाचे चक्र साधारण १७ दिवसांचे. दाती (भ्रूण देणारी) आणि ग्राही (ते वाढवणारी) मेंढी एकाच सुमारास माजावर याव्यात म्हणून नशिबाची वाट पाहावी लागे. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक टोचत राहिल्यास माज रोखता येतो, हे १९४८ मध्ये दिसले होते. पण कळपाला रोज सुई टोचत बसणार कोण? १९६० च्या दशकात सिडनीच्या टी. जे. रॉबिन्सन यांनी संप्रेरकात भिजवलेला स्पंज योनीत ठेवायची युक्ती काढली. बारा-चौदा दिवसांनी तो ओढून काढला की दोनेक दिवसांत सगळ्या माजावर येतात. माझ्या मते या विषयातला खरा टप्पा हाच.

१९६६ मध्ये केंब्रिजच्या रोसन आणि मूर यांनी दाखवले, की दोघींच्या माजात दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले तर यश झपाट्याने घसरते. माजानंतर बाराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात भ्रूण नसेल तर पीतपिंड (बीज सुटल्यावर अंडाशयात उरणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) विरतो आणि मेंढी पुन्हा माजावर येते. भ्रूण ‘मी आहे’ हे कळवतो ते इंटरफेरॉन टाऊ या प्रथिनाने; त्याची ओळख पटली १९८० च्या दशकात. (याच केंब्रिजच्या मंडळींनी मेंढीचे भ्रूण जिवंत सशाच्या पोटात ठेवून विमानाने दक्षिण आफ्रिकेला पाठवले होते, आणि तिथे कोकरे जन्मलीही!)

एका दातीकडून जास्त भ्रूण मिळवणे मात्र अजून डोकेदुखीच आहे. त्यासाठी औषध टोचून एकाच वेळी अनेक बीजे पिकवावी लागतात. गाभण घोडीच्या रक्तातले संप्रेरक १९३० मध्ये सापडले. एका टोचणीत काम, म्हणून ते सोयीचे; पण ते शरीरात फार दिवस रेंगाळते. बीजे सुटून गेल्यावरही नव्या पुटिका (अंडाशयातल्या बीज वाढवणाऱ्या पिशव्या) वाढत राहतात, पीतपिंड अकाली विरतात. म्हणून एफएसएच हे पुटिका वाढवणारे संप्रेरक आले. ते लवकर उतरते, त्यामुळे तीन-चार दिवस, दिवसातून दोनदा टोचावे लागते. शिवाय या औषधांनी शुक्राणूंची वाटचाल बिघडते आणि नैसर्गिक संयोगात बरीच बीजे फळत नाहीत. त्यावर लॅपरोस्कोपने (पोटाला बारीक छेद देऊन आत घालायच्या दुर्बिणीने) थेट गर्भाशयात वीर्य सोडण्याचा तोडगा निघाला.

तरीही तीच जात, तेवढीच मात्रा, आणि एक मेंढी दहा भ्रूण देते तर शेजारची एकही नाही. त्यामुळे आता औषध सुरू करण्याआधीच सोनोग्राफीत लहान पुटिका मोजून दाती निवडण्याकडे कल आहे.