कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह : पाना नेमका कशाला लावायचा?

ऊसतोडीच्या हंगामात बीड-परभणीकडच्या रस्त्यांवर टायरवाल्याचा कॉम्प्रेसर दिवसभर थांबत नाही. अशा वेळी टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा सोडू लागला की हमखास कुणीतरी पाना घेऊन त्याचीच स्प्रिंग आवळतो. आवाज बंद होतो, पण टाकीतला दाब चढतच राहतो. खरा बिघाड बहुतेक वेळा प्रेशर स्विचमध्ये असतो.

दोन्हींत स्प्रिंग, दोन्ही हवेच्या दाबावर हलणारे, म्हणून गल्लत होते. स्विचमध्ये दाब पडद्याला ढकलतो, पडदा संपर्कबिंदू उघडतो आणि मोटर बंद होते. हे रोजचे काम. व्हॉल्व्हचा विजेशी संबंध नाही. ठरलेल्या दाबाला तो उचलला जातो आणि हवा बाहेर फेकतो. स्विच नीट चालत असेल तर व्हॉल्व्ह वर्षभरात एकदाही आपणहून उघडायला नको.

उदाहरणार्थ, मोटर ६ किलोला सुरू आणि ८ ला बंद होत असेल, तर व्हॉल्व्ह ९ च्या आसपास उघडणारा हवा, आणि कोणत्याही परिस्थितीत टाकीच्या पाटीवरच्या कमाल दाबापेक्षा वरचा नको. ८ किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या झाकणावर हा जोर जवळपास १० टन होतो. त्यात पाणी न सोडल्यामुळे तळ आतून गंजून पातळ झालेला असेल, तर आवळलेला व्हॉल्व्ह काय करून ठेवतो ते वेगळे सांगायला नको.

सेटिंग करायचे ते स्विचचे. आधी गेज तपासा. काटाच चुकीचा असेल तर पुढची मेहनत वाया. दुसरे खात्रीचे गेज लावून ताडून पाहा. मग मेन स्विच बंद करून झाकण उघडा, कारण आतल्या टर्मिनलवर थेट वीज असते. मोठा स्क्रू आवळला की सुरू आणि बंद होण्याचे दोन्ही दाब वर जातात. छोटा स्क्रू त्या दोन्हींतले अंतर बदलतो. त्याने नेमका कोणता आकडा सरकतो ते मेकप्रमाणे वेगळे, म्हणून झाकणाच्या आतली आकृती बघा. टाकीत दाब असतानाच आणि एका वेळी अर्धाच फेरा. झाकण लावा, वीज द्या, तळाचा कॉक थोडा उघडून दाब उतरवा आणि मोटर कुठे सुरू होते, कुठे थांबते ते लिहून ठेवा.

मोटर थांबल्यावर स्विचखालच्या अनलोडरमधून, म्हणजे पंपात अडकलेली हवा सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमधून, दोन-चार सेकंद फुस्स होते, ते बरोबरच आहे. फुस्स थांबतच नसेल तर टाकीतली हवा पंपाकडे उलटी येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे; स्विच बदलून उपयोग नाही. फुस्स होतच नसेल तर पंप दाबाखाली सुरू होतो, मोटर गुरगुरते आणि ओव्हरलोड (जादा भार आला की वीज तोडणारा भाग) ट्रिप होतो. गावाकडे व्होल्टेज कमी असले की हे लवकर घडते. संपर्कबिंदू जळून चिकटले, किंवा स्विचकडे जाणारे बारीक छिद्र तेल-पाण्याच्या गाळाने बुजले, तर मोटर थांबत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे तो बिघडलेला नसतो. आपले काम करत असतो.

सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी मात्र महिन्यातून एकदा करा. टाकीत ७ किलोच्या आसपास दाब ठेवा, चष्मा घाला, तोंड बाजूला करून कडी ओढा. हवा जोरात सुटली पाहिजे आणि कडी सोडताच पूर्ण थांबली पाहिजे. बारीक गळत राहिली तर व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या बैठकीत कचरा आहे. दोन-तीनदा ओढून बघा. जालना-परभणीच्या जिनिंगमध्ये सरकीची धूळ नि कापसाचा तंतू सगळीकडे बसतो, तिथे हे जास्त होते. तरीही थांबत नसेल तर व्हॉल्व्ह बदला. सील तोडून स्प्रिंग फिरवायची नाही, त्या जागी प्लग ठोकायचा नाही, टाकी आणि व्हॉल्व्हच्या मध्ये कॉकही बसवायचा नाही.

नवा घेताना नुसते आटे जुळले म्हणून भागत नाही. उघडण्याचा दाब बघा, आणि पंप मिनिटाला जेवढी हवा भरतो तेवढी तरी बाहेर टाकण्याची त्याची क्षमता आहे ना, हेही दुकानातच पाहून घ्या.