बहुस्तरीय विश्लेषण (शिक्षण)

मुलं वर्गात, वर्ग शाळेत, शाळा केंद्रात, केंद्र तालुक्यात, अशी एकात एक बसलेली असतात आणि हे धरून मार्कांचा अभ्यास करायची जी संख्याशास्त्रीय पद्धत आहे ती ही. श्रेणीबद्ध रेषीय मॉडेल हेही तिचंच नाव.

उगमाबद्दल एकमत नाही. काही जण लिंडली आणि स्मिथ या संख्याशास्त्रज्ञांच्या 1972 च्या लेखाला मान देतात, कारण श्रेणीबद्ध रेषीय मॉडेल हे नाव तिथून आलं, काही जण त्याहून मागे हेंडरसनपर्यंत जातात, ज्यांनी साधारण 1950 नंतर दुभत्या गुरांच्या पैदाशीसाठी जवळपास हेच गणित मांडलं, आणि बीज शोधायचं तर 1920 च्या दशकातला फिशरचा वर्गांतर्गत सहसंबंध (एका गटातले एकमेकांशी किती मिळतेजुळते, याचा आकडा) आहेच. शिक्षणापुरतं मात्र 1981 हेच साल धरलेलं बरं. इंग्लंडात बेनेट यांनी 1976 ला शिस्तीतलं पारंपरिक शिकवणं सरस ठरवलं होतं, त्यावर खूप गदारोळ झाला, मग 1981 ला एटकिन आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा मुलं एकेका शिक्षकाच्या हाताखाली आहेत हे धरून परत तपासला तर तो ठाम निष्कर्ष टिकला नाही. पुढे 1986 ला गोल्डस्टीन यांनी आकडेमोडीची चांगली रीत दिली.

एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून 20 वर्गांतली 25-25 मिळून 500 मुलं घेतली आणि हा वर्गांतर्गत सहसंबंध 0.2 असला तर माहिती जेमतेम 86 सुट्या मुलांएवढीच मिळते. हे न बघता काढलेले निष्कर्ष फसवे असतात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात, जिथे वाडीवरच्या शाळेचा पट सहा-सात असतो, तिथे तर हे फारच महत्त्वाचं. समजा जिल्ह्याची सरासरी 60 आणि सहा मुलांच्या शाळेची 80, तर (सहसंबंध तोच 0.2 धरून) मॉडेल त्या शाळेला जिल्ह्याच्या सरासरीकडे ओढून 72 देतं, सरासरी तीच 80 पण मुलं 60 अशा शाळेला मात्र पावणेएकोणऐंशी. लहान शाळेवर हा अन्याय वाटतो पण तसं नाही, पावसात व्हाळाला पाणी आलं आणि परीक्षेला दोन मुलं पोचलीच नाहीत तरी तिची सरासरी कुठल्या कुठे जाते, म्हणून वर-खाली दोन्हीकडे तिला आवरून धरावंच लागतं. दहावीचा निकालही इथे कामाचा नाही, 2024 ला कोकण विभाग 99.01 टक्के होता, म्हणजे पास-नापासात फरकच उरला नाही, तुलना करायची तर मार्कच घ्यावे लागतात.

वर्गातलं वातावरण मोजायला मुलांना प्रश्नावली देतात. मूस आणि ट्रिकेट यांची 1974 ची त्यातली जुनी. एका मुलाचं उत्तर हे त्याचं मत, वर्गाची सरासरी म्हणजे वातावरण, हे दोन्ही वेगवेगळ्या पातळीवर ठेवायचे. पण द्विशिक्षकी शाळेत एकच बाई पहिली-दुसरी एका खोलीत घेतात, तिथे बाईंचा परिणाम कुठला आणि वर्गाचा कुठला हे वेगळं काढता येत नाही.