आपला परवा

‘परवा आले होते’ आणि ‘परवा येईन’. दिवस दोन, एक मागचा आणि एक पुढचा, पण मराठीत शब्द एकच. क्रियापद कानावर पडेपर्यंत ऐकणाऱ्याने थांबायचं. (हिंदीवाले तर एका ‘कल’मध्ये कालही भागवतात आणि उद्याही.) भाषेच्या दृष्टीने हा घोळ असेल, पण मेंदूचा कारभार पाहिला तर शब्द चपखल आहे. घडून गेलेलं आठवणं आणि न घडलेलं डोळ्यांपुढे आणणं ही दोन्ही कामं मेंदू बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेवर चालवतो.

हे कळलं ते एका दुर्दैवी तरुणामुळे. कॅनडात 1981 साली त्याला मोटारसायकलचा अपघात झाला आणि मेंदूला जबर मार बसला. शास्त्रीय लेखनात तो ‘के. सी.’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याची बुद्धी शाबूत होती, बोलणं नीट होतं. बुद्धिबळ कसं खेळतात हे त्याला माहीत होतं, पण आपण ते कधी कुणाबरोबर खेळलो याचा एकही प्रसंग आठवत नव्हता. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ एन्डेल टल्विंग यांनी त्याला काल काय केलंस असं विचारलं, तर मन कोरं. मग उद्या काय करणार आहेस असं विचारलं, तरीही कोरं. आणि तो कोरेपणा दोन्ही वेळी सारखाच, असं त्याने सांगितलं. भूतकाळ गेला तेव्हा जाताना भविष्यही घेऊन गेला होता.

2007 साली लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट पद्धतशीर तपासली. मेंदूत खोलवर, कानशिलाच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस असतो. त्याला इजा झालेल्या पाच रुग्णांना काही साधे प्रसंग कल्पायला सांगितले. समजा, तुम्ही पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पडला आहात; काय दिसतंय? बहुतेकांना चित्र जुळवताच येईना. आकाश निळं आहे, पक्षी ओरडतायत, असे सुटे तुकडे हाती लागत, पण त्यांचा मिळून किनारा काही होत नसे. (हेच हसाबिस पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले आणि 2024च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.)

म्हणजे आपलं भविष्य ही एक गोधडी असते. टाके नवे, पण कापड आजीच्या जुन्या लुगड्यांचंच. मेंदूची ही सोय झकास आहे, कारण उद्याचा दिवस बहुतेक वेळा कालच्यासारखाच असतो. पंचवीस-तीस वर्षांपुढचं पाहायचं म्हटलं, की मात्र ती जुनी नक्षी नडते.

1900च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘सन 2000’ दाखवणारी रंगीत चित्रं निघाली होती. पंख लावून आग विझवणारे बंबवाले, पुस्तकं यंत्रात दळून तारांवाटे मुलांच्या डोक्यात भरणारे मास्तर, असा सगळा थाट. एका चित्रात फरशी पुसायला विजेचं यंत्र आहे, आणि ते चालवायला मोलकरीण! चित्रकाराला यंत्र सुचलं, पण मोलकरणीशिवायचं घर सुचलं नाही.

आपण वेगळं काही करतो असं मला वाटत नाही. पुढच्या लग्नांविषयी बोलायला बसलो, की यंत्रमानव गुरुजी आणि उडत्या गाडीतून वरात इथपर्यंत सगळे रंगात येतात. पण अंतरपाट धरल्यावर गुरुजी पुकारतात, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं,” त्या मामाचं काय? देशात एका स्त्रीला होणाऱ्या मुलांची सरासरी 1992-93च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 3.4 होती, 2019-21मध्ये ती 2.0 झाली आणि महाराष्ट्रात तर 1.7. लागोपाठ दोन पिढ्या एकुलत्या एक निघाल्या, तर दुसऱ्या पिढीला सख्खा मामा, मावशी, काका, आत्या कुणीच नसतं. कानपिळीला भाऊही नसतो. आणि इथे कल्पनाशक्तीला ताण द्यावा लागत नाही, कारण हा साधा हिशेब आहे. 2050 साली साठी ओलांडलेली सगळी माणसं आज हिंडती-फिरती आहेत. 2011च्या जनगणनेत त्या वयाचे लोक 8.6 टक्के होते. 2050पर्यंत पाचातला एक त्या वयाचा असेल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

समाजाचं निदान गणित तरी मांडता येतं. स्वतःच्या बाबतीत आपण तेही करत नाही. जॉर्डी क्वाडबाख, डॅनिएल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी 19 हजारांहून अधिक लोकांना, वय 18 ते 68, स्वभाव, मूल्यं आणि आवडीनिवडींविषयी विचारलं. काहींना गेल्या दहा वर्षांत किती बदललात ते सांगायचं होतं, तर काहींना पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल ते. निष्कर्ष 2013 साली ‘सायन्स’मध्ये आला: मागे पाहणाऱ्याला बदल भरपूर दिसतो, पुढे पाहणाऱ्याला फारच थोडा. विशीतल्या पोरांचं असं होणं समजू शकतं, पण साठीतली माणसंही ‘आता आपण घडायचे ते घडलो’ अशाच थाटात होती. आजच्या आवडत्या बँडचा कार्यक्रम दहा वर्षांनी ऐकायला लोक सरासरी 129 डॉलर द्यायला तयार होते. दहा वर्षांपूर्वीच्या आवडत्या बँडसाठी आज किती द्याल? 80. माझ्या माळ्यावरच्या कॅसेटांना विचाराल, तर 80सुद्धा उदार आकडा आहे.

याचा फटका खिशाला बसतो. हॅल हर्शफील्ड या संशोधकाने मेंदूच्या स्कॅनमध्ये दाखवलं, की ‘दहा वर्षांनंतरचा मी’ असा विचार करताना मेंदूचा प्रतिसाद परक्या माणसाचा विचार करताना असतो तसा दिसतो. आणि परक्याच्या म्हातारपणासाठी कोण पैसे साठवणार? मग 2011च्या एका प्रयोगात काही तरुणांना आभासी आरशात स्वतःचाच सत्तरीतला चेहरा दाखवला. अचानक हजार डॉलर मिळाले तर त्यांतले निवृत्तीसाठी किती ठेवाल, असं नंतर विचारलं. आजचाच चेहरा पाहिलेल्यांनी 80 म्हटलं, म्हातारा चेहरा पाहिलेल्यांनी 172.

हे वाचून मीही फोनमधल्या एका अ‍ॅपला माझा फोटो दिला आणि तीस वर्षं पुढे ढकलायला सांगितलं. पांढरे केस, गालावर घड्या, हनुवटीखाली सैल कातडी. बराच वेळ बघत बसले. चेहरा ओळखीचा होता, पण तो माझा वाटेना; कुठे पाहिलाय तेही चटकन कळेना. शेजारी बसलेल्या मुलीने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, “अय्या, आत्याआजीचा फोटो कधी काढलास?”