कपाटातल्या फायली आणि खासगीपणाचा कायदा

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी कर्मचारी विभागात लागले, तेव्हा प्रत्येक कामगाराची एक फाईल असायची. आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, वैद्यकीय तपासणीचा कागद. कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात, आणि खणाला कुलूप नाही. एकदा कुणीतरी एकाच्या रजेच्या अर्जासोबतचा डॉक्टरांचा दाखला मोबाइलवर टिपून खात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पुढे कितीतरी दिवस तो माणूस कँटीनमध्ये एकटा जेवत होता.

हल्ली माहिती सुरक्षित ठेवण्याचं प्रशिक्षण होतं, पण ते बहुधा पासवर्ड आणि अनोळखी लिंक इथवरच थांबतं. त्या कपाटाचं कुणी नावही काढत नाही.

2000 चा माहिती तंत्रज्ञान कायदा मुख्यतः ऑनलाइन व्यवहार आणि डिजिटल सहीसाठी होता. परदेशी कंपन्यांची कामं भारतात येऊ लागली, त्यांच्या ग्राहकांची माहिती इथे सांभाळली जाईल याची हमी हवी होती. 2008 च्या दुरुस्तीने त्यात कलम 43अ आलं: संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळून कुणाचं नुकसान केलं, तर कंपनीने भरपाई द्यायची. 2011 च्या नियमांनी अशा माहितीची यादी दिली, आणि तीत आजारपणाच्या नोंदी होत्या, बोटांचे ठसेही होते. म्हणजे गेटवरच्या हजेरी यंत्रात आपण रोज जो अंगठा टेकवतो, तो तेव्हापासूनच संवेदनशील माहितीत मोडत होता. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही.

गोव्यात माहितीच्या कायद्याची ओळख तशी जुनी. केंद्राचा माहिती अधिकार कायदा 2005 चा, आपल्या राज्याचा 1997 चा. पण तो सरकारी कारभार उघडा करण्यासाठी होता. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी कर्मचाऱ्याच्या सेवेचा तपशील ही वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक जनहित असल्याशिवाय ती मागता येणार नाही.

खरी कलाटणी मिळाली ती आधारच्या खटल्यात. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये याचिका केली. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये अहवाल आणि कायद्याचा मसुदा दिला, 2019 चं विधेयक 2022 मध्ये मागे घेतलं गेलं, आणि ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. सुरक्षेत कसूर झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत.

मला या कायद्यातलं कलम 7 खटकतं. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरताना मालकाने कामगाराची संमती घेतलीच पाहिजे असं नाही. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र त्यालाही चुकत नाही. शिवाय हा कायदा डिजिटल माहितीचा. कपाटातली झेरॉक्स कागदावर आहे तोवर ती त्याच्या कक्षेबाहेर, आणि स्कॅन केली की आत. आमच्याकडे जुन्या फायलींचं स्कॅनिंग आता सुरू झालंय, आणि खणाला कुलूपही बसलंय.