पाऊल टेकण्याच्या आधी

ज्युदोविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात एक वाक्य हमखास भेटते: ‘या खेळात प्रतिस्पर्ध्याचीच ताकद वापरून त्याला पाडतात.’ वाक्य खोटे नाही. परंतु त्याच्या पाठोपाठ न्यूटनचा तिसरा नियम येतो आणि तेथे घोटाळा होतो. क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच क्षणी, सारख्याच मापाने, दोन वेगवेगळ्या शरीरांवर घडतात. हा नियम जिंकणाऱ्याला लागू असतो तितकाच हरणाऱ्यालाही, आणि भिंतीला रेलून उभ्या असलेल्या माणसालाही. दोघांपैकी कोण पडेल हे तो सांगूच शकत नाही.

हा घोटाळा सोडवायला यव्होन ब्योनिश या जर्मन खेळाडूची कारकीर्द मला फार सोयीची वाटते. २००३, २००४ आणि २००५ अशा सलग तीन वर्षी, जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या अंतिम लढतीत, ५७ किलो वजनगटात तिच्यासमोर एकच प्रतिस्पर्धी उभी होती: उत्तर कोरियाची क्ये सुन-हुई. ओसाका येथील जागतिक स्पर्धेत क्ये जिंकली, अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ब्योनिश जिंकली आणि कैरोच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा क्ये. माणसे तीच, वजनगट तोच, निकाल मात्र वेगळे. ताकदीच्या हिशेबातून हे कोडे सुटत नाही.

ब्योनिशचा जन्म २९ डिसेंबर १९८० रोजी लुडविग्सफेल्डे येथे झाला. बर्लिनच्या दक्षिणेला असलेले हे गाव तेव्हाच्या पूर्व जर्मनीत ट्रकच्या कारखान्यासाठी ओळखले जात असे. क्येची ख्याती त्या मानाने फार आधीची. १९९६ मध्ये अटलांटा येथे, वयाच्या १६व्या वर्षी, तिने जपानच्या र्योको तामुराची सलग ८४ विजयांची मालिका तोडून ४८ किलो गटाचे सुवर्णपदक घेतले होते. पुढे ती ५२ किलोत आणि मग ५७ किलोत आली. ‘ज्युदोत वजनाला महत्त्व नसते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचे सात वजनगट आहेत आणि ते शोभेसाठी ठेवलेले नाहीत. वस्तुमान वाढले की जडत्व वाढते. त्यावर कोणत्याही गुरूकडे तोडगा नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. उभे शरीर तोल सांभाळते, कारण गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा दोन्ही पावलांनी वेढलेल्या क्षेत्रात पडते. ५७ किलोच्या खेळाडूचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे साधारण बेंबीच्या किंचित खाली असतो असे धरू. ती पाय फाकवून उभी असेल आणि पावलांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर ५० सेंटिमीटर असेल, तर बाजूला कलताना त्या रेषेला कडेपर्यंत २५ सेंटिमीटर जावे लागते. पुढच्या बाजूला मात्र बोटांच्या टोकापर्यंत जेमतेम १२ सेंटिमीटर जागा असते. कोनात सांगायचे तर बाजूला सुमारे साडेपंधरा अंश आणि पुढे साडेसात अंशांच्या आसपास. एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला हे गणित न शिकवता येते: तो खिडकीकडे तोंड करतो आणि पाय गाडीच्या लांबीच्या दिशेने फाकवतो, कारण ब्रेकचा धक्का त्याच दिशेने येणार असतो.

याच आकड्यांवरून लागणारे बलही काढता येते. शरीराचे वजन ५७ गुणिले गुरुत्वत्वरण ९.८, म्हणजे सुमारे ५५९ न्यूटन (न्यूटन हे बलाचे एकक). पुढे पडण्याला विरोध करणारे आघूर्ण, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, ५५९ गुणिले ०.१२, म्हणजे सुमारे ६७ न्यूटन-मीटर. ज्युदोच्या अंगरख्याची कॉलर १.३५ मीटर उंचीवर धरून आडवे खेचले, तर ६७ भागिले १.३५, म्हणजे सुमारे ५० न्यूटन बल पुरते. पाच किलोची तांदळाची पिशवी उचलायला लागते तेवढेच हे बल! बाजूला पाडायचे असेल तर त्याच्या दुपटीहून थोडे अधिक लागेल. म्हणजे प्रत्येक उभ्या माणसाला एक कच्ची दिशा असते आणि ती दोन पावलांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात असते. पाऊल पुढे पडले की ही रेषा फिरते आणि तिच्याबरोबर कच्ची दिशाही फिरते. लढतीत खेळाडू एकमेकींच्या बाह्या धरून सतत गोल फिरताना दिसतात, ते अंदाज घेणे असते: समोरचीची कच्ची दिशा आपल्या ओढीच्या दिशेला केव्हा जुळते याचा.

एवढे सोपे असते तर प्रत्येक लढत पाच सेकंदांत संपली असती. वरचे गणित पुतळ्याचे आहे. जिवंत माणूस तोल जाऊ लागताच पाऊल टाकतो आणि आपले आधारक्षेत्र नव्याने आखतो. म्हणून पाडणारीने पाऊल टाकू द्यायचे, पण टेकू द्यायचे नाही. ‘देआशी-बाराई’ या डावात हेच घडते: पुढे येणारे पाऊल तळव्याने अलगद बाजूला झाडले जाते. त्याची वेळ का साधावी लागते याचे उत्तर घर्षणात आहे. घर्षण हे पावलावर पडलेल्या भाराच्या प्रमाणात असते. भार आणि घर्षण यांचे हे प्रमाण, म्हणजे घर्षणांक, ०.५ धरला आणि त्या पायावर शरीराचा निम्मा भार असला, तर पाऊल सरकवायला १४० न्यूटन लागतात. दहावा हिस्साच भार आला असेल, तर २८ न्यूटनमध्ये, म्हणजे तीन किलोहूनही कमी वजनाइतक्या बलात काम होते. त्याही आधी, पाऊल पूर्ण हवेत असताना झाडले, तर उपयोग नाही, कारण भार अजून दुसऱ्या पायावरच असतो आणि प्रतिस्पर्धी पाऊल दुसरीकडे ठेवून मोकळी होते. भार त्या पावलावर येऊ लागला आहे, शरीराने त्याच्या भरवशावर पुढे झोकून दिले आहे, पण घर्षण अजून पुरेसे नाही, एवढ्या फटीतच हा डाव बसतो.

‘प्रतिस्पर्ध्याची ताकद’ येथे कामी येते, पण न्यूटनमार्फत नव्हे, तर मज्जासंस्थेमार्फत. मी तुम्हाला मागे ढकलले की तुमचे स्नायू तुम्हाला पुढे लोटू लागतात. ढकलणे जाणवून त्याला उत्तर देण्यात, आणि मी हात ढिले केल्यावर ते उत्तर मागे घेण्यात, सेकंदाचा एक ते दोन दशांश भाग जातो. तेवढ्या वेळात मी ढकलणे सोडून ओढू लागले, तर माझे बल आणि तुमचे बल एकाच दिशेने काम करतात. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापून ज्युदोची मांडणी केली आणि फेकीचे तीन टप्पे सांगितले: ‘कुझुशी’ म्हणजे तोल मोडणे, ‘त्सुकुरी’ म्हणजे स्वतःला जागेवर बसवणे आणि ‘काके’ म्हणजे प्रत्यक्ष फेक. त्यांपैकी पहिला टप्पा प्रेक्षकाला जवळपास दिसतच नाही. समाजमाध्यमांवर शिष्यांना स्पर्श न करता लोळवणारे ‘ऊर्जा’वाले गुरू फिरत असतात, त्यांच्या चित्रफितींतही कुझुशी दिसत नाही, पण तेथे ती नसतेच, शिष्य आपखुशीने पडतात.

फेकींचे यंत्रशास्त्र दोन प्रकारचे असते. ‘सेओइ-नागे’ ही आपल्या कुस्तीतल्या धोबीपछाडीच्या जातीची फेक म्हणजे तरफ: पाडणारीची पाठ हा टेकू, आणि तो प्रतिस्पर्धीच्या गुरुत्वमध्याच्या खाली न्यावा लागतो, म्हणून गुडघे वाकवून खाली शिरण्याचे कष्ट पडतात. ‘उचिमाता’मध्ये हात वरचे अंग एका दिशेला ओढतात आणि मांडी खालचे अंग विरुद्ध दिशेला उडवते. हे बलयुग्म आहे. यात शरीर स्वतःच्याच गुरुत्वमध्याभोवती फिरते आणि टेकूची गरज राहत नाही. पाठ जोराने, वेगाने आणि नियंत्रणात मॅटवर आपटली की ‘इप्पोन’, म्हणजे आपल्या चितपटीसारखाच त्याच क्षणी निकाल.

१६ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्समध्ये ब्योनिशने क्येला हरवले आणि ज्युदोत ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली जर्मन महिला ठरली. वर्षभराने कैरोत तीच क्येकडून हरली. जेथे निर्णय सेकंदाच्या दशांशावर आणि पावलावरच्या दहाव्या हिश्श्याच्या भारावर अवलंबून असतो, तेथे तुल्यबळ खेळाडूंत एकीनेच सदैव जिंकावे अशी अपेक्षा भौतिकशास्त्राला धरून नाही. बीजिंगहून २००८ मध्ये ब्योनिश पदकाविना परतली. नंतर ती प्रशिक्षणाकडे वळली आणि २०२१ मध्ये तिने ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षी तोक्योत झालेल्या ऑलिम्पिकमध्ये त्या संघाच्या मिखाएला पोलेरेसने ७० किलो गटाचे रौप्यपदक मिळवले.