महापौर : मुंबईतील उगम आणि मराठवाड्यातील वाटचाल

महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष आणि शहराचा प्रथम नागरिक म्हणून नगरसेवकांनी आपल्यातून निवडून दिलेला लोकप्रतिनिधी म्हणजे महापौर. महाराष्ट्रात हे पद मुंबई या समुद्रकाठच्या शहरात आकाराला आले आणि तेथे ठरलेल्या चौकटीसह पुढे राज्याच्या अंतर्भागात गेले. समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्यात ते मुंबईनंतर सुमारे अर्ध्या शतकाने पोहोचले. प्रतिष्ठा मोठी पण अंमलबजावणीचे अधिकार अत्यल्प, हे त्याचे आजचे वैशिष्ट्य एकोणिसाव्या शतकातील मुंबईतल्या एका वादातून आलेले आहे, त्यामुळे लातूर किंवा परभणीच्या महापौरांची मर्यादा समजून घेतानाही त्या वादापर्यंत मागे जावे लागते.

मुंबईत ‘मेयर’ ही उपाधी नगरकारभाराच्या आधी न्यायदानाशी जोडलेली होती. 1726 च्या राजसनदेनुसार मद्रास, कलकत्ता आणि मुंबई येथे मेयरची न्यायालये स्थापन झाली. मेयर आणि त्याचे ऑल्डरमन, म्हणजे नगरसंस्थेतील ज्येष्ठ सदस्य, युरोपीय रहिवाशांचे दिवाणी दावे चालवीत. मुंबईतील या न्यायालयाची जागा 1798 मध्ये रेकॉर्डरच्या, म्हणजे मुख्य न्यायाधीशाच्या, न्यायालयाने घेतली. आजच्या महापौरपदाशी त्याचा नामसाम्यापलीकडे फारसा संबंध नाही. मद्रासला मात्र 1688 पासूनच मेयर असलेली नगरसंस्था लाभली होती.

आजच्या पदाची खरी सुरुवात 1865 च्या कायद्यापासून धरावी लागते. या कायद्याने मुंबईच्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींना, म्हणजे सरकारने नेमलेल्या मानद दंडाधिकाऱ्यांना, निगम म्हणून मान्यता दिली आणि कारभार एका महापालिका आयुक्ताच्या हाती सोपवला. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे आणि तितकेच सढळ हाताचे अधिकारी होते. रस्ते, गटारे आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेलेली मंडई ही त्या काळातील कामे. मात्र वाढता खर्च आणि कर यांमुळे 1871 मध्ये करदात्यांनी मोठी चळवळ उभारली. आयुक्तपदच रद्द करावे आणि कारभार समितीकडे द्यावा, अशी अनेकांची मागणी होती. तेव्हा तरुण बॅरिस्टर असलेल्या फिरोजशहा मेहतांनी तिला विरोध केला. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी, दोष त्याच्यावर नियंत्रण न ठेवणाऱ्या अनिर्वाचित जस्टिसांचा आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे करदात्यांनी निवडलेली सभा, असे त्यांचे म्हणणे होते. 1872 च्या कायद्याने 64 सदस्यांची सभा निर्माण झाली, तिच्यातील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडलेले होते आणि आयुक्त कायम राहिला. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने ही रचना पक्की केली. ठरवणारी सभा आणि करणारा आयुक्त अशी ही विभागणी आहे, आणि आज महापौरांना ‘शोभेचे पद’ म्हणून हिणवले जाते त्याचे मूळ तिच्यातच आहे. मेहतांची बाजू त्या काळी बरोबर होती, असेच म्हणावे लागेल, कारण समितीच्या हाती दिलेला कारभार करदात्यांना जाब विचारायला अधिकच अवघड गेला असता. अडचण एवढीच, की आयुक्त पुढे सभेपेक्षा राज्य सरकारला अधिक उत्तरदायी होत गेला.

सभेच्या प्रमुखाला मुंबईत आधी सभापती आणि नंतर अध्यक्ष म्हटले जाई. मेहता स्वतः हे पद एकाहून अधिक वेळा भूषवीत होते, आणि महापालिका मुख्यालयासमोर आजही त्यांचा पुतळा उभा आहे. 1931 मध्ये अध्यक्षाऐवजी मेयर ही संज्ञा अधिकृत झाली आणि जे. बी. बोमन बेहराम पहिले मेयर झाले. मुदत एक वर्षाची होती, आणि पारशी, हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा समाजांना आलटून पालटून संधी देण्याचा संकेत काही काळ पाळला गेला, डॉ. ई. मोझेस यांच्या रूपाने ज्यू समाजातील व्यक्तीही या पदावर आली. 1942 मध्ये स्वातंत्र्यसैनिक युसुफ मेहेरअली तुरुंगात असताना महापौर निवडले गेले. कारभाराची सूत्रे ज्याच्या हाती नाहीत त्या पदाचे राजकीय मोल यातून दिसते. 1948 मध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली, त्यापूर्वी मतदानाचा हक्क मालमत्ता आणि कर यांच्याशी निगडित होता. 1956 मध्ये सुलोचना मोदी पहिल्या महिला महापौर झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या लाटेत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वतीने कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर 1958 मध्ये या पदावर आले. 1971 मध्ये डॉ. हेमचंद्र गुप्ते हे शिवसेनेचे पहिले महापौर ठरले. नंतर राज्याच्या राजकारणात पुढे आलेले मनोहर जोशी आणि छगन भुजबळ यांनीही हे पद सांभाळले.

महापौरांना खरे कार्यकारी अधिकार देण्याचा एक प्रयत्न 1998 मध्ये झाला. मुंबई आणि नागपूर येथे ‘महापौर परिषद’ पद्धत आणून महापौर व त्यांच्या सहकाऱ्यांकडे मंत्रिमंडळासारखे अधिकार देण्यात आले, पण वर्षभरातच राज्याने ती गुंडाळली. या प्रयोगाला स्वतःला सिद्ध करायला पुरेसा अवधीच मिळाला नाही, त्यामुळे त्याच्या यशापयशाविषयी ठाम विधान करणे कठीण आहे.

मुंबईखेरीज राज्यातील इतर महानगरपालिका 1949 च्या अधिनियमाखाली येतात. तो पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जाई आणि आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो. तपशिलात फरक असला तरी मूळ चौकट 1888 चीच आहे. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, कामकाजाची शिस्त राखतात आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतात. पैशाचे निर्णय बहुतांशी स्थायी समितीत होतात, म्हणून निविदांच्या काळात नगरसेवकांची वर्दळ महापौरांच्या दालनापेक्षा समितीच्या सभापतींच्या दालनात अधिक असते. आयुक्ताविरुद्ध एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश बहुमताने ठराव करता येतो, परंतु सभेचा कोणताही ठराव निलंबित वा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार कलम 451 ने राज्य सरकारकडे राखून ठेवला आहे. आता महापौरांची मुदत अडीच वर्षांची आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनंतर हे पद अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागास प्रवर्ग आणि महिलांसाठी आळीपाळीने राखीव ठेवले जाते आणि त्याची सोडत नगरविकास विभाग काढतो. परिणामी महापौर कोण होणार याची अर्धी चर्चा शहरात नव्हे तर मंत्रालयातल्या सोडतीच्या दिवशी संपते.

मराठवाड्यात या संस्थेला वेगळी पार्श्वभूमी लाभली. 1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथील जिल्ह्यांच्या गावांत नगरव्यवस्था मुंबईसारखी करदात्यांच्या आंदोलनातून नव्हे, तर महसुली अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली वाढली. औरंगाबादची नगरपालिका 1936 ची आहे. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने त्याच्या नगरपालिका उर्वरित महाराष्ट्राशी एका कायद्याखाली आल्या. 8 डिसेंबर 1982 रोजी भोवतालची 18 गावे सामावून घेत औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ही मराठवाड्यातील पहिली महानगरपालिका झाली. तिची पहिली निवडणूक 1988 मध्ये झाली, मधली वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. या निवडणुकीत शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली, आणि मुंबई-ठाण्याबाहेर त्या पक्षाचा पाया रुंदावण्यात या निकालाचा वाटा मोठा आहे.

पुढे 26 मार्च 1997 रोजी नांदेड आणि वाघाळा या दोन नगरपालिका मिळून नांदेड वाघाळा शहर महानगरपालिका झाली, 2011 मध्ये लातूर आणि परभणी, तर 2023 मध्ये जालना या मालिकेत आले. नांदेडात 2008 मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्यानिमित्त, म्हणजे शीख धर्मात गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या तीनशे वर्षांच्या स्मरणार्थ, शहराच्या रस्ते, घाट आणि पाणीपुरवठ्यासाठी मोठा निधी आला. लातूरची कथा राजकीय अंगाने बोलकी आहे. 2017 मध्ये भारतीय जनता पक्षाने 70 पैकी 36 जागा जिंकल्या, मात्र नोव्हेंबर 2019 मधील महापौर निवडीत काँग्रेसचा उमेदवार निवडून आला. सभागृहातील बहुमत आणि महापौरपद यांचे नाते मतदानाच्या दिवशी हात वर होईपर्यंत पक्के नसते, हे त्यातून लातूरकरांना कळले.

मराठवाड्यात महापौरपदाची कसोटी पाण्यावर लागते. जकात, मालमत्ता कर आणि किनाऱ्यावरील व्यापार यांवर उभ्या राहिलेल्या मुंबईला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या तलावांतून पाणी मिळत आले आणि तिचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता. मराठवाड्यातील महानगरपालिका राज्य व केंद्राच्या निधीवर अवलंबून आहेत. छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, पाणी येते, पण जलवाहिनी जुनी आणि अपुरी होती. समांतर जलवाहिनीचा खासगी सहभागाचा प्रकल्प 2014 मध्ये प्रत्यक्ष सुरू झाला आणि 2016 मध्ये रद्द झाला. त्यानंतर 1,680 कोटी रुपयांच्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झाले, तेव्हा सभागृहाची मुदत संपल्याने शहरात महापौर नव्हते. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. ही गाडी राज्य सरकार आणि रेल्वेच्या निर्णयाने आली. महापालिका ते पाणी उतरवून टँकरने वाटत होती. हंडा मोर्चा मात्र महापालिकेच्या दारात येतो, आणि खुर्चीवरचा लोकप्रतिनिधी म्हणून महापौरांनाच त्याला सामोरे जावे लागते. अधिकार आणि उत्तरदायित्व यांतील हे अंतर मुंबईतही आहे, पण तेथे ते निधीच्या विपुलतेने झाकले जाते.

नगरपरिषदांशी तुलना केल्यास आणखी एक विसंगती दिसते. पैठण किंवा अंबाजोगाई येथील नगराध्यक्ष 2001 मध्ये, 2016 मध्ये आणि पुन्हा 2022 च्या बदलानंतर थेट मतदारांनी निवडण्याची तरतूद झाली, मध्ये ती रद्दही झाली. महापौर मात्र सातत्याने नगरसेवकांच्याच मतांवर निवडले जातात. त्यामुळे छोट्या गावाचा नगराध्यक्ष संपूर्ण गावाची मते मागतो, तर पाच-दहा पट मोठ्या शहराचा महापौर एका प्रभागातून निवडून येतो.

इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेचे प्रश्न यांमुळे राज्यातील बहुतेक महानगरपालिकांच्या निवडणुका लांबल्या. छत्रपती संभाजीनगरच्या सभागृहाची मुदत एप्रिल 2020 मध्ये, तर मुंबईची मार्च 2022 मध्ये संपली. शेवटी 15 जानेवारी 2026 रोजी 29 महानगरपालिकांसाठी मतदान झाले, त्यांत महानगरपालिका म्हणून पहिल्यांदाच मतदान करणारे जालनाही होते.